रानपिंगळ्याचे कुळ आणि गाव : डीएनएच्या मदतीने पक्ष्यांचा शोध





या अंकातील विज्ञानाचा पाठ मुख्यतः इयत्ता आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आहे. परंतु घरातील मोठ्यांनीही तो मुलांबरोबर बसून वाचावा, अशी विनंती आहे. कारण यातील गोष्ट आपल्याच वाटेवरची आहे. इच्छापोर आणि सुरत परिसरातील आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे मूळची खानदेशची. सुट्टी लागली की सुरत-भुसावळ गाडीत बसायचे आणि नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत गावी जायचे, हे आपल्या तीन-तीन पिढ्यांनी केले आहे. नंदुरबारला उतरून शहादा-तळोद्याकडे निघालो की समोर सातपुड्याची रांग दिसते. त्या रांगेच्या पायथ्याशी एक छोटा पक्षी राहतो. जगाने त्याला ११३ वर्षे पाहिले नव्हते. त्याचे नाव रानपिंगळा.

कोणताही पक्षी कोणत्या कुळातला, त्याचे पूर्वज कोण आणि तो जगात कुठून कुठे पसरला, हे आजचे शास्त्रज्ञ डीएनएच्या मदतीने कसे शोधतात, ते आपण या पक्ष्याच्या निमित्ताने समजून घेऊ.

१. पिंगळा आणि रानपिंगळा

पिंगळा तुम्ही सर्वांनी पाहिला असेल. संध्याकाळी विजेच्या तारेवर किंवा जुन्या चिंचेच्या ढोलीत बसणारे, गोल डोळ्यांचे, अंगावर पांढरे ठिपके असलेले छोटे घुबड म्हणजे पिंगळा. आपले गुजराती शेजारी त्याला चीबरी म्हणतात. पहाटे दारात येऊन भविष्य सांगणारा पिंगळा जोशी आजी-आजोबांना आठवत असेल. या पक्ष्याची भाषा आपल्याला कळते असे तो सांगायचा, म्हणून त्यालाही लोक पिंगळाच म्हणत.

रानपिंगळा याच्यासारखाच दिसतो, पण नीट पाहिले तर फरक कळतो. पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक ठिपके असतात, रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे असते. त्याची छाती सलग तपकिरी आणि पोटाचा खालचा भाग पांढरा असतो. पाय जाड, पांढऱ्या पिसांनी झाकलेले आणि नख्या मोठ्या. आकाराने तो पिंगळ्यापेक्षा किंचित मोठा, सुमारे २३ सेंटीमीटर. मुख्य म्हणजे तो दिवसाढवळ्या शिकार करतो. सरडे, उंदीर, मोठे किडे हे त्याचे अन्न. राहतो सागाच्या कोरड्या, विरळ रानात आणि घरटे करतो जुन्या झाडांच्या ढोलीत.

२. "वेगळे घुबड"

डिसेंबर १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधील बसना भागात ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याला हा पक्षी प्रथम मिळाला. पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, ॲलन ह्यूम यांनी त्याला शास्त्रीय नाव दिले : हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी. हेच ते ह्यूम, ज्यांनी १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही त्यांचे नाव वाचता, पण ते आपल्या काळातील फार मोठे पक्षितज्ज्ञही होते.

ग्रीक भाषेत हेटेरो म्हणजे वेगळा आणि ग्लॉक्स म्हणजे घुबड. म्हणजे ह्यूम यांचे म्हणणे असे, की हा पक्षी साध्या पिंगळ्याच्या घरातला नाही, याचे घर स्वतंत्र आहे. साध्या पिंगळ्याचे शास्त्रीय नाव अथीनी ब्रामा. अथीनी ही ग्रीकांची विद्येची देवी आणि घुबड हा तिचा पक्षी.

इथे एक शब्द समजून घ्या. शास्त्रीय नावाचा पहिला भाग म्हणजे प्रजाती आणि दुसरा भाग म्हणजे जाती. मी स्वतः हिंदी माध्यमातून शिकलो. तिथे पहिल्या भागाला आम्ही "वंश" म्हणत असू आणि बोलताना जातीलाच "प्रजाती" म्हटले जाई. तुमच्यापैकी जे घरी हिंदी पुस्तके किंवा हिंदी वाहिन्या पाहतात, त्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. सोपे करून सांगायचे तर प्रजाती म्हणजे आडनाव आणि जाती म्हणजे नाव. फक्त शास्त्रज्ञ आडनाव आधी लिहितात.

तर प्रश्न असा होता : रानपिंगळ्याचे आडनाव हेटेरोग्लॉक्स की अथीनी? हा वाद शंभर वर्षांहून जास्त चालला. काही तज्ज्ञांनी त्याला पिंगळ्याच्या घरात घातले. काहींनी कवटी, हाडे आणि पिसे तपासून सांगितले की ह्यूम यांचेच बरोबर आहे. वाद मिटवायला पुरावा कमी होता, कारण जगभरच्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे सातच नमुने होते. ते सर्व १८७२ ते १८८४ या काळात गोळा केलेले. त्यांतील बहुतेक जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात गोळा केले होते. १८८४ नंतर पक्षी कोणाला खात्रीने दिसलाच नाही.

३. मांडवीची खोटी चिठ्ठी

नाही म्हणायला एक नोंद होती, आणि ती होती आपल्या सुरत जिल्ह्यातली! रिचर्ड माइनर्ट्झहागन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता. त्यावरच्या चिठ्ठीत लिहिले होते की तो १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवी येथे मिळाला. संग्रहालयात प्रत्येक मृत पक्ष्याच्या पायाला अशी एक छोटी चिठ्ठी बांधलेली असते. पक्षी कोणता, कुठे मिळाला, कधी मिळाला, कोणी गोळा केला, एवढे त्यावर लिहितात. पुढचे सारे अभ्यासक त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवूनच काम करतात.

या माणसाचा संग्रह हजारो पक्ष्यांचा होता आणि त्याचे नाव मोठे होते. म्हणून मांडवीची नोंद पुस्तकांत गेली. १८८४ ऐवजी १९१४ हे शेवटचे वर्ष ठरले आणि पक्ष्याच्या नकाशावर दक्षिण गुजरातचे एक टिंब वाढले.

पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षितज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला. प्रत्येक जण पक्ष्याचे कातडे आपापल्या पद्धतीने काढतो, भरतो आणि शिवतो. जशी प्रत्येक शिंप्याची शिलाई ओळखू येते, तसेच हे. एक्स-रे काढल्यावर आणि आतले भरण व टाके पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आले, की हा पक्षी मुळात डेव्हिडसन यांनी तयार केलेला आहे. म्हणजे तो १८८० च्या दशकात खानदेशात मिळालेला होता. तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरला गेला, पुन्हा भरला गेला आणि त्यावर नवी चिठ्ठी बांधली गेली. १९९९ मध्ये हे सर्व पुराव्यासह प्रसिद्ध झाले. त्याच्या संग्रहातील आणखीही अनेक पक्षी असेच चोरीचे आणि खोट्या चिठ्ठ्यांचे निघाले.

मुलांनो, एका खोट्या चिठ्ठीने काय होते ते पाहा. पक्षी जिथे नव्हता तिथे असल्याचे ठरते. शोधणारे चुकीच्या काळावर आणि चुकीच्या जागेवर भरवसा ठेवतात. आणि हे खोटे जवळजवळ पाऊण शतक कोणाच्याही लक्षात येत नाही.

४. शहाद्याजवळची सकाळ

खोटी नोंद बाजूला केल्यावर रासमुसेन यांनी जुन्या, खऱ्या जागांची यादी केली. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या सोबत्यांसह त्या भारतात आल्या. आधी पूर्वेकडील जुन्या जागा पाहिल्या, तिथे पक्षी मिळाला नाही. मग ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला, एका झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. त्यांनी त्याचे फोटो आणि चित्रफीत घेतली. १८८४ ते १९९७, म्हणजे ११३ वर्षांनी या पक्ष्याची पुन्हा नोंद झाली.

पुन्हा नोंद झाली असे मी मुद्दाम लिहितो. पक्षी तिथेच होता. त्या डोंगरातील भिल्ल आणि पावरा बांधवांच्या रानात तो रोज बसत होता. हरवली होती ती आपली नोंद.

त्यानंतर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आणि इतर संस्थांच्या अभ्यासकांनी शोध वाढवला. तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि मध्य प्रदेशातील खंडवा-बुऱ्हाणपूर भागात हा पक्षी आढळला. मेळघाटात त्याची संख्या चांगली आहे. २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात तो दिसला आणि त्याच सुमारास आपल्या डांग जिल्ह्यातील पूर्णा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. दक्षिण गुजरातच्या नकाशावरचे खोटे टिंब पुसले गेले होते, त्याच्या शेजारी आता खरे टिंब आले.

५. डीएनए म्हणजे काय आणि नाते कसे मोजतात?

आता मुख्य विषयाकडे येऊ. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा लांब धागा असतो. त्यावर चारच "अक्षरे" पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात : ए, टी, जी आणि सी. माणसात ही अक्षरे सुमारे ३ अब्ज आहेत, पक्ष्यांत साधारण १ अब्जाच्या आसपास. आई-वडिलांकडून मुलाकडे जाताना या मजकुराची नक्कल होते. नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर बदलते. तो बदल पुढच्या पिढ्यांत उतरू शकतो.

पोथी हाताने उतरवून घेण्याच्या काळाची कल्पना करा. एका पोथीवरून दोघांनी नक्कल केली. पहिल्याने एका ठिकाणी "न" ऐवजी "त" लिहिला. त्याच्यावरून पुढे ज्यांनी नकला केल्या, त्या सर्वांत तो "त" आला. शंभर वर्षांनी दहा पोथ्या समोर ठेवल्या, तर कोणती कोणावरून उतरवली हे चुकांवरून सांगता येते. ज्यांच्यात चुका सारख्या, त्या पोथ्या जवळच्या. पक्ष्यांच्या डीएनएचेही तसेच आहे.

खाली चार पट्ट्या दिल्या आहेत. त्या पाठासाठी तयार केलेल्या आहेत, कोणत्याही खऱ्या पक्ष्याच्या नाहीत.

पट्टी क : ए टी जी सी सी ए टी जी ए ए टी सी
पट्टी ख : ए टी जी सी सी ए टी जी ए जी टी सी
पट्टी ग : जी टी जी टी सी ए टी ए ए ए टी सी
पट्टी घ : ए सी ए सी टी ए सी जी जी ए सी सी

क आणि ख एकमेकांखाली ठेवून पाहा. फक्त दहावे अक्षर वेगळे आहे, म्हणजे फरक १. क आणि ग यांच्यात फरक ३. क आणि घ यांच्यात फरक ६. यावरून क आणि ख हे सख्खे भाऊ, ग हा चुलत भाऊ आणि घ हा दूरचा नातेवाईक, असे झाड काढता येते. शास्त्रज्ञ हेच काम हजारो अक्षरांवर आणि संगणकाच्या मदतीने करतात. त्या झाडाला वंशवृक्ष म्हणतात. आपल्या खानदेशात भाट लोक कुळाची वही ठेवत. ही त्या वहीसारखीच, फक्त ती पेशीच्या आत लिहिलेली आहे.

यात दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

पहिली : पेशीत दोन ठिकाणी डीएनए असतो. एक केंद्रकात आणि दुसरा तंतुकणिकेत. तंतुकणिकेतील डीएनए फक्त आईकडून येतो आणि बहुधा लवकर बदलतो, म्हणून जवळची नाती शोधायला उपयोगी पडतो. पण एकट्या आईच्या बाजूने सर्व कुळ कळत नाही, म्हणून केंद्रकातील डीएनएही तपासतात.

दुसरी : बदल साधारण ठराविक वेगाने साचत जातात, असे धरून दोन पक्षी किती वर्षांपूर्वी वेगळे झाले याचा अंदाज करता येतो. हे घड्याळ लावण्यासाठी ज्यांचे वय माहीत आहे अशा जीवाश्मांचा आधार घेतात. म्हणून असा काळ नेहमी अंदाजाने सांगतात, तारीख-वार सांगत नाहीत.

डीएनए मिळवण्यासाठी पक्षी मारावा लागत नाही. रक्ताचा एक थेंब किंवा गळलेले पीसही पुरते. संग्रहालयातील शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या पक्ष्याच्या पायाच्या तळव्याचा छोटासा तुकडा घेऊनही डीएनए काढता येतो.

६. निकाल काय लागला?

पंकज कोपर्डे, प्राची मेहता, उमा रामकृष्णन, व्ही. व्ही. रॉबिन आणि त्यांचे सहकारी या आपल्या देशातील संशोधकांनी रानपिंगळ्याचा डीएनए इतर छोट्या घुबडांच्या डीएनएशी ताडून पाहिला. त्यांचा निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. वंशवृक्षात रानपिंगळ्याची फांदी अथीनी या प्रजातीच्या आतच निघाली. म्हणजे "वेगळे घुबड" हे पिंगळ्याच्याच घरातले आहे. पण त्याची फांदी फुटूनही लाखो वर्षे झाली आहेत. घर एक, पण चूल फार पूर्वीच वेगळी झालेली, असे आपण म्हणू.

या घराचा पसारा केवढा आहे बघा. आपला ठिपकेवाला पिंगळा भारतभर. त्याचा एक भाऊ युरोपपासून मध्य आशियापर्यंत आणि आपल्या लडाखमध्येही. आणि एक भाऊ थेट अमेरिकेत, जमिनीतील बिळात राहणारा, कॅनडापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडील देशांपर्यंत पसरलेला. एवढ्या मोठ्या खटल्यातला रानपिंगळा मात्र मध्य भारताच्या सागवनातच राहिला. जगात इतर कुठेही तो नाही.

७. कोण कुठून कुठे गेला?

डीएनएने फक्त नातीच नव्हे तर प्रवासही कळतात. आपल्या ओळखीच्या पक्ष्यांची काही उदाहरणे पाहू.

कोंबडी : पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. २०२० मध्ये आठशेहून अधिक कोंबड्यांचा आणि रानकोंबड्यांचा संपूर्ण डीएनए तपासला गेला. म्यानमार, उत्तर थायलंड आणि नैर्ऋत्य चीन या भागातील लाल रानकोंबड्यापासून कोंबडी माणसाळली, असे त्यातून दिसले. पण गंमत अशी, की अनेक कोंबड्यांची कातडी आणि पाय पिवळे असतात, तो गुण लाल रानकोंबड्याचा नाही. २००८ मध्ये असे आढळले की पिवळ्या कातडीचे जनुक राखी रानकोंबड्याकडून आले. हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीचा आणि दक्षिण भारताचा रहिवासी! म्हणजे जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात पिवळ्या पायांची कोंबडी दिसली, तर तिच्यात थोडासा अंश आपल्या भारतीय रानाचा आहे.

चिमणी : घरातली चिमणी माणसाच्या आधाराने जगभर गेली. २०१८ मध्ये संशोधकांनी तिची तुलना तिच्या एका रानटी नातेवाईकाशी केली. हा नातेवाईक मध्य आशियात राहतो, माणसापासून दूर राहतो आणि हिवाळ्यात भारताकडे येतो. घरच्या चिमणीत पिष्टमय अन्न पचवण्याशी संबंधित जनुकाजवळ बदल आढळले. माणूस सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी शेती करू लागला, धान्य सांडू लागले आणि चिमणी आपल्या अंगणात आली, या कथेला डीएनएचा दुजोरा मिळाला.

शोलाकिली : केरळ-तमिळनाडूच्या उंच डोंगरांवर शोला नावाची जंगले आहेत. तिथल्या एका छोट्या निळसर पक्ष्याला लोक अनेक वर्षे इतर दूरच्या पक्ष्यांच्या कुळात घालत आले होते. डीएनए तपासल्यावर २०१७ मध्ये त्याला शोलिकोला ही स्वतंत्र प्रजाती मिळाली. पालघाट खिंडीच्या उत्तरेचा पक्षी आणि दक्षिणेचा पक्षी हे वेगवेगळ्या जातींचे निघाले, आणि आणखी दक्षिणेला शेनकोट्टा खिंडीपलीकडे तिसरी जाती. उंच थंड रानात राहणारा पक्षी सखल, उष्ण खिंड ओलांडत नाही. नकाशावर जी खिंड आपण बोटाने ओलांडतो, तिने लाखो वर्षे दोन भावांना वेगळे ठेवले.

रोहित आणि ससाणा : रोहित, ज्याला आपले गुजराती मित्र सुरखाब म्हणतात, तो लांब पायांमुळे बगळ्या-करकोच्यांचा भाऊबंद वाटतो. डीएनए सांगतो की त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक आहे तळ्यात बुड्या मारणारी छोटीशी टिबुकली. ससाणा गरुडासारखा दिसतो, पण तो पोपटांच्या आणि गाणाऱ्या पक्ष्यांच्या जास्त जवळचा आहे. २०१४ मध्ये ४८ पक्ष्यांचे संपूर्ण डीएनए ताडून जो मोठा वंशवृक्ष काढला गेला, त्यातही हेच दिसले. दिसण्यावरून नाते ठरवू नये, हा यातून मिळणारा धडा.

८. डीएनए काय सांगत नाही?

आता या पाठातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. डीएनए पक्ष्याचे कुळ सांगतो, पण तो कोणत्या गावचा हे स्वतःहून सांगत नाही. रक्ताचा थेंब कुठे घेतला, कोणत्या दिवशी घेतला, कोणी घेतला, हे माणसालाच लिहावे लागते. नळीवर खोटी चिठ्ठी लावली तर जगातील सर्वांत महाग यंत्रही चुकीचाच नकाशा काढील. मांडवीच्या चिठ्ठीने जे केले, तेच आजची खोटी चिठ्ठी करील, फक्त अधिक वेगाने.

म्हणूनच प्रयोगाच्या वहीत मित्राचे आकडे उतरवू नका, असे आम्ही शिक्षक सारखे सांगतो. तुमचे उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळे आले तरी जे आले तेच लिहा. गुण एखादा कमी मिळेल, पण तुमची नोंद खरी राहील. विज्ञान मोठ्या माणसांच्या नावावर चालत नाही, लहान माणसांच्या खऱ्या नोंदींवर चालते. डेव्हिडसन यांनी शंभर वर्षांपूर्वी खरी जागा लिहून ठेवली, म्हणूनच १९९७ मध्ये शोधणारे शहाद्यापर्यंत पोहोचले.

९. आपण काय करू शकतो?

रानपिंगळ्याचे संकट टळलेले नाही. २०१८ मध्ये जागतिक संस्थेने त्याला "अतिशय गंभीर धोक्यात" या गटातून "धोक्यात" या गटात आणले. कारण तो आधी वाटला होता त्यापेक्षा जास्त ठिकाणी सापडला. पण प्रौढ पक्ष्यांची संख्या हजाराच्या आतच असावी असा अंदाज आहे. सागाची जंगले तुटतात, जुनी ढोलीची झाडे सरपणाला आणि शेतीला जातात, आणि ढोली गेली की घरटे गेले.

दुसरे संकट आपल्या मनातले आहे. पिंगळा ओरडला तर अपशकुन, घुबड घरावर बसले तर कोणी जाणार, असे अजूनही ऐकू येते. ज्याला आपण लक्ष्मीचे वाहन म्हणतो, त्यालाच दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी पकडले आणि मारले जाते. घुबड शेतातील उंदीर खाते, शेतकऱ्याचे धान्य वाचवते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे घुबड पकडणे, विकणे किंवा मारणे हा गुन्हा आहे. पालकांना माझी हात जोडून विनंती आहे, मुलांसमोर अपशकुनाची भाषा करू नका. मुले आपले बोलणे पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त लक्षात ठेवतात.

विश्वस्त मंडळींना एक सूचना. आपल्या शाळेत एक "पक्षी नोंदवही" सुरू करावी आणि ग्रंथालयात एक चांगली दुर्बीण घ्यावी. खर्च फार नाही. इच्छापोरच्या आसपास कारखाने वाढले, तरी खाडी, शेते आणि झाडे अजून आहेत. हिवाळ्यात दूरदूरचे पाहुणे पक्षी तापीच्या मुखाकडे येतात. मुलांनी दिनांक, वेळ, जागा आणि पक्षी एवढेच खरे-खरे लिहावे. नाव येत नसेल तर चित्र काढावे आणि "ओळखता आला नाही" असे लिहावे. तीही एक खरी नोंद आहे. पुढे कोणी मूल या विषयात शिकायला गेले, तर आनंदच आहे. जीवशास्त्र घेतले म्हणजे डॉक्टरच व्हायला हवे असे नाही, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे.

स्वाध्याय

(१) वर दिलेल्या पट्ट्यांमध्ये ख आणि ग, ख आणि घ, तसेच ग आणि घ यांच्यातील फरक मोजा. चारही पट्ट्यांचा वंशवृक्ष काढा.
(उत्तर पडताळण्यासाठी : फरक अनुक्रमे ४, ७ आणि ९.)

(२) आपल्या घरातील तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढा. प्रत्येक नावापुढे जन्मगाव लिहा आणि ती गावे नकाशावर दाखवा. आपले कुटुंब कुठून कुठे आले, हे बाणांनी दाखवा.

(३) पिंगळा आणि रानपिंगळा यांच्यातील चार फरक लिहा.

(४) "खोटी चिठ्ठी" या विषयावर दहा ओळी लिहा. मांडवीचे उदाहरण वापरावे, पण आपल्या रोजच्या जीवनातील एक उदाहरणही द्यावे.

(५) या सुट्टीत गावी जाल तेव्हा आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी शेतात आणि रानात कोणकोणते पक्षी होते, त्यांना अहिराणीत काय म्हणत आणि आता त्यांतले कोणते दिसत नाहीत. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.

पाचव्या प्रश्नाची उत्तरे आपल्या विज्ञान शिक्षकांकडे द्यावीत. निवडक उत्तरे पुढील अंकात छापू. उत्तराखाली गावाचे नाव आणि सांगणाऱ्याचे वय लिहायला विसरू नका.

आपला,
मुख्याध्यापक